उलटलेली गाडी सरळ करणारे

खोपोलीच्या शिळफाट्यावरून जुना मुंबई-पुणे रस्ता घाटाच्या दिशेने निघतो. तिथून पुढे रस्त्याच्या कडेला क्रेन उभ्या दिसतात. काही पिवळ्याधमक हायड्रा, तर काही जुन्या ट्रकच्या चासीवर फॅब्रिकेटरकडून बूम आणि विंच चढवून घेतलेल्या. केबिनच्या दारावर, बंपरवर, बूमवर, जागा मिळेल तिथे मोबाइल नंबर रंगवलेला आणि खाली ‘२४ तास सेवा’. शेजारी ताडपत्रीची शेड. तिच्यात एक खाट, पाण्याचा जार आणि कायम चार्जरला लावलेला फोन.

‘स्वतःचा धंदा’ हा यंदाच्या अंकाचा विषय ठरला तेव्हा मी अशाच एका शेडमध्ये जाऊन बसायचं ठरवलं. आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी क्रेनवाला लागतो आणि तो लागतो ती वेळ वाईटच असते. आपण घाबरलेले असतो, गाडीत घरची माणसं असतात, मागून ट्रक सुसाट जात असतात. त्या वेळी जो माणूस दोर घेऊन येतो, त्याच्याशी आपण घासाघीस करतो आणि गाडी गॅरेजला लागली की त्याला विसरून जातो. तो या धंद्यात कसा आला, त्याने पैसा कुठून उभा केला, हे काम तो कुणाकडून शिकला, हे आपण विचारत नाही. मला ते विचारायचं होतं.

तिथे बसल्यावर एक गोष्ट लवकर ध्यानात आली. क्रेन कर्जावर मिळते. काम मात्र कुणी शिकवत नाही, आणि ते न शिकता हात घातला तर माणूस जातो.

घाट काम देतो

बोरघाटात गाड्या का बंद पडतात, हे क्रेनवाल्यांइतकं नेमकं कुणी सांगू शकणार नाही. चढणीला कारची क्लच प्लेट जळते, इंजिन तापतं. मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी, लोणावळ्याकडे जाणारी रांग घाटात मुंगीच्या पावलांनी सरकत असताना, अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणारे नवशिके चालक ओळीने कडेला लागतात. बोनेट उघडे, बाटलीतलं पाणी रेडिएटरवर. ही सोपी कामं.

उतरणीची कामं अवघड. पुण्याकडून भरलेला ट्रक खाली येतो. डिझेल वाचवायला काही चालक गाडी न्यूट्रलवर सोडतात. मग इंजिनाची पकड राहत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात, चाकांतून धूर निघतो आणि घाट संपत आला असताना, ढेकू गावाच्या आसपास, ब्रेक दाबूनही लागत नाही. ट्रक मग पुढच्या गाडीवर जातो किंवा डोंगराच्या कडेला घासून उलटतो. जुन्या घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळासमोर नाणं टाकल्याशिवाय पुढे न जाणारे चालक आजही आहेत. घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते ठाणं. क्रेनवालेही तिथे हात जोडतात, पण गाडी न्यूट्रलवर सोडायची नाही हे सांगण्याचं काम शेवटी माणसांनाच करावं लागतं, असं एक जुना ऑपरेटर म्हणाला. त्याला सगळे ‘मामा’ म्हणतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. तो २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला आणि या धंद्याचं रूप पालटलं. टोल असलेल्या महामार्गांवर गस्तीची गाडी, रुग्णवाहिका आणि क्रेन ठेवणं ही चालवणाऱ्या कंपनीची करारातली जबाबदारी असते. ती क्रेन लेन मोकळी करते, गाडी बाजूला लावून देते. तिथून पुढे गॅरेजपर्यंत, सर्व्हिस सेंटरपर्यंत किंवा विम्याच्या सर्व्हेअरला दाखवायच्या जागेपर्यंत गाडी नेणं हे खासगी क्रेनवाल्याचं काम. शिवाय मोठा अपघात झाला की एका क्रेनने भागत नाही. पोलीस मग आजूबाजूच्या सगळ्यांना फोन लावतात. त्या फोनला कोण किती मिनिटांत पोचतो यावर पुढच्या वर्षभराचं नाव ठरतं.

घाट वगळून जाणारा खोपोली ते कुसगाव हा ‘मिसिंग लिंक’चा रस्ता बांधायला घेतला तेव्हापासून शेडमधल्या प्रत्येक गप्पांत येतो. त्यामुळे घाटातली कामं घटणार, असं धरूनच शहाणे मालक चालतात. म्हणून त्यांनी कारखान्यांची कामं धरून ठेवली आहेत. खोपोली-खालापूर पट्ट्यात यंत्रं हलवायला, लोखंड उतरवायला हायड्रा तासावर लागते. दिवसा कारखाना, रात्री घाट. नुसत्या अपघातांवर हप्ता फिटत नाही, हे मला दोघा-तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं.

दगड, पट्टा, ओलं पोतं

माझ्या समोर झालेलं एक काम सविस्तर सांगतो. जुन्या रस्त्यावर वळणात कांद्याचा ट्रक डाव्या कुशीवर आडवा झाला होता. चालक आणि क्लीनर खरचटण्यावर वाचले होते आणि कठड्यावर बसून होते. अर्ध्या रस्त्यावर कांद्याची पोती.

मामांनी क्रेन लगेच जवळ नेली नाही. आधी पायी एक फेरी मारली. टाकीतून डिझेल गळतंय का, ते वाकून बघितलं. हेल्परला बॅटरीची वायर काढायला लावली. सांडलेल्या डिझेलवर माती टाकून घेतली, कारण त्यावरून दुचाकी घसरली तर दुसरा अपघात तिथेच होतो. मागे, वळणाच्या बऱ्याच आधी, एक पोरगा लाल फडकं आणि बॅटरी घेऊन उभा केला. हे सगळं होईपर्यंत रांगेतले लोक हॉर्न वाजवत होते. मामांनी एकदाही मान वर केली नाही.

मग माल. भरलेला ट्रक तसाच उचलायला गेलं तर चासी वाकते, हौदा फाटतो किंवा क्रेनच पुढे झुकते. म्हणून आधी पोती उतरवायची. मजूर वस्तीवरून बोलवावे लागतात, त्यांची मजुरी वेगळी, आणि ती कुणी द्यायची यावर ट्रकमालकाशी फोनवर बोलणं होतं. पोलिसांना रस्ता मोकळा हवा असतो, माल कुठे जातो याच्याशी त्यांचं देणंघेणं कमी. या ओढाताणीत घाई करणाऱ्या क्रेनवाल्याच्या हातून नुकसान होतं आणि शिव्याही त्यालाच बसतात.

पट्टे चासीला लावले, ॲक्सलला नाही. पत्र्याची धार जिथे पट्ट्याला कापेल तिथे लाकडाचे तुकडे आणि जुन्या टायरचे कातडे घातले. खालच्या बाजूच्या चाकांना मोठे दगड, म्हणजे उठताना ट्रक सरकू नये. एक क्रेन उचलणार, दुसरी विरुद्ध बाजूने धरून ठेवणार. ही दुसरी नसली तर ट्रक उभा राहता राहता वेगाने पलीकडच्या बाजूला आपटतो. वायर रोप ताणला जायला लागला तेव्हा हेल्परने पाण्यात भिजवलेलं पोतं त्याच्यावर टाकलं. तार तुटलीच तर तिचा फटका त्या ओझ्याने खाली बसावा म्हणून. ‘तारेच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही,’ एवढं एकच वाक्य मामा मोठ्याने बोलले. बाकी सगळं हाताच्या खुणांवर चाललं होतं. मूठ आवळली की थांब, बोट फिरवलं की घे.

ट्रक उभा राहिला, तरी तो लगेच हलत नाही. मोठ्या गाड्यांच्या ब्रेकना हवा लागते. हवा उतरली की मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेक आपोआप धरतात. मग एकतर क्रेनच्या टाकीतून नळीने हवा द्यायची, नाहीतर चाकाजवळच्या ब्रेक चेंबरचा बोल्ट आवळून ब्रेक मोकळा करायचा. दुसरं काम चाकाला दगड लावल्याशिवाय केलं तर ट्रक उतारावर चालायला लागतो. त्यानंतर गाडीखाली झोपून प्रोपेलर शाफ्ट सोडवायचा. तसाच ठेवून ओढलं तर चाकांबरोबर गियरबॉक्स फिरतो, इंजिन बंद असल्याने त्याला तेल पोचत नाही आणि आतले भाग भाजून निघतात. ट्रकमालकाला हे दोन दिवसांनी कळतं. तोवर क्रेनवाला पैसे घेऊन गेलेला असतो. चांगला क्रेनवाला आणि वाईट क्रेनवाला यांच्यातला फरक असा गाडीच्या पोटात असतो, तो रस्त्यावर दिसत नाही.

कारच्या बाबतीतही नवं शिकावं लागलं आहे. पूर्वी दोर लावून टोचन करत नेली की झालं. आता ऑटोमॅटिक गियरच्या गाड्या आहेत, विजेवरच्या आहेत. विजेवरची गाडी चाकांवर ओढली की मोटर फिरून वीज तयार होते आणि यंत्रणा बिघडू शकते. म्हणून तिची चारही चाकं उचलून फ्लॅटबेडवरच न्यायची. ज्या फ्लॅटबेडची फळी मागे सरकून पूर्ण जमिनीला टेकते, तिला धंद्यात ‘झीरो डिग्री’ म्हणतात. बुटक्या गाड्यांचा बंपर तिच्यावर चढवताना घासत नाही. नव्याने धंद्यात येणारी बरीच मुलं आता हायड्राऐवजी हीच गाडी घेतात. माझ्या मते ते बरोबर आहे.

कर्ज आणि कागद

पैशाची सोय पूर्वीपेक्षा खरोखरच सोपी झाली आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय दहा लाखांपर्यंत कर्ज मिळतं, आणि ते नीट फेडलेल्याला २०२४ पासून वीस लाखांची पायरी खुली झाली. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्यावर मराठा समाजातल्या अनेक तरुणांनी गाड्या घेतल्या, त्यांत टोइंगच्या गाड्याही आहेत. हे कर्ज जुन्या गाडीला मिळवणं अवघड आणि नव्या गाडीला सोपं. त्यामुळे पहिल्याच फटक्यात नवी कोरी गाडी घेण्याकडे कल होतो. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो, फोन मात्र पहिल्या महिन्यापासून वाजत नाही.

कागद बरेच लागतात. गाडी परिवहन वाहन म्हणून नोंदलेली असेल तर ठरलेल्या मुदतीने फिटनेस. आठ वर्षांनंतर तो दरवर्षी. चालकाकडे त्या प्रकारचा परवाना हवा. गाडीचा विमा घेताना ती क्रेन किंवा टोइंगची गाडी आहे हे पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावं लागतं, आणि तुम्ही उचललेल्या गाडीचं तुमच्या हातून नुकसान झालं तर काय, हे वेगळं विचारावं लागतं. बहुतेकांनी ते विचारलेलं नसतं. एका मालकाच्या फ्लॅटबेडवरून महागडी कार सरकली. विमा कंपनीने त्याच्या पॉलिसीत ते बसत नाही असं सांगितलं आणि दोन वर्षांची कमाई त्या एका कारच्या दुरुस्तीत गेली. कार बांधताना मागचा एक पट्टा लावायचा राहिला होता, एवढंच.

दोराने ओढण्याचेही नियम आहेत. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आत हवं, दोर लांबूनही दिसेल असा हवा, मागच्या गाडीच्या स्टिअरिंगवर परवानाधारक माणूस हवा. रात्री महामार्गावर काळ्या दोराने गाडी ओढत नेणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. दोन गाड्यांच्या मधून वाट आहे असं समजून एखादा दुचाकीवाला तिथे घुसतो.

शहरात नो-पार्किंगच्या गाड्या उचलणारा टेम्पो हा वेगळा धंदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार गणवेशातला पोलीस अधिकारी तो आदेश देतो आणि खर्च गाडीमालकावर येतो. त्या ठेक्यांविषयी लोकांच्या मनात जो राग आहे तो घाटातल्या क्रेनवाल्यांच्या वाट्यालाही येतो, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. एकाने तुमची चांगली उभी गाडी उचललेली असते, दुसरा तुमची मोडलेली गाडी घरी आणतो.

भाव आधी की दोर आधी

तक्रारींना कारणच नाही, असं मात्र नाही. रात्री दोन वाजता, पावसात, लहान मुलं गाडीत असताना सांगितलेला भाव आणि गाडी उतरवल्यावर मागितलेला भाव यांत फरक पडतो, हे अनेक वाचकांनी अनुभवलं असेल. आधी दोर लावायचा आणि मग भाव बोलायचा, ही या धंद्यातली वाईट खोड आहे. चांगले क्रेनवाले स्वतःच तिच्यावर चिडतात, कारण एकाच्या वागण्याने सगळ्यांचा भाव पडतो.

त्यांचीही बाजू ऐकावी लागते. वाहन विम्याच्या जुन्या प्रमाणित पॉलिसीत अपघातग्रस्त खासगी कार जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्यासाठी कमाल दीड हजार रुपये धरलेले होते, दुचाकीला तीनशे. हे आकडे डिझेलचे आजचे भाव यायच्या कितीतरी आधीचे. लोकांच्या डोक्यात ‘विमा देईल तेवढंच’ असतं आणि घाटातून पनवेलला एक कार आणायची तर क्रेनचं जाणं, येणं, टोल, दोन माणसांची रात्र, एवढं सगळं त्यात बसवायचं असतं. वेगळं रोडसाइड असिस्टन्सचं कवच घेतलेलं असेल तर ग्राहकाला काहीच द्यावं लागत नाही. पण मग क्रेनवाल्याला कुणाकडून मिळतं, ते पाहण्यासारखं आहे.

गाडी कंपन्या आणि विमा कंपन्या हे काम असिस्टन्स कंपन्यांना देतात. त्या पुढे गावोगावच्या अशा मालकांना देतात. फोनवर ‘केस’ येते. गाडी उचलण्याआधी चारही बाजूंचे फोटो, चढवल्यावर फोटो, उतरवल्यावर फोटो आणि गॅरेजवाल्याची सही. किलोमीटरचा दर आधीच ठरलेला. काम नियमित मिळतं, हा त्यातला मोठा आधार. अडचण पैशाची. बिल महिन्याच्या शेवटी, त्याची तपासणी पुढच्या महिन्यात, एखादा फोटो कमी पडला तर ती केस बाद. डिझेल मात्र रोज रोखीने भरायचं.

इथे एक गोष्ट प्रत्येक नव्या मालकाला माहीत असायला हवी. उद्यम नोंदणी मोफत होते आणि ती केली की तो कायद्याने सूक्ष्म उद्योग ठरतो. २००६ च्या कायद्यानुसार अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांच्या पलीकडे अडवता येत नाहीत, करार नसेल तर पंधरा दिवस. एप्रिल २०२४ पासून आयकराचा नियमही त्याला जोडला गेला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्या कंपनीला ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च दाखवता येत नाही. म्हणजे बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असणं यालाच किंमत आहे. शेडमधल्या एकाच्याच बिलावर तो छापलेला मला दिसला. बाकीच्यांची नोंदणी होती, कारण कर्जासाठी बँकेने ती मागितली होती, पण तिचा उपयोग त्यांना कुणी सांगितला नव्हता.

गाडीबरोबर माणूस अडकलेला असतो

या धंद्याचा सर्वांत जड भाग यात आहे. अपघाताच्या जागी रुग्णवाहिका आणि क्रेन यांच्यात कोण आधी पोचेल ते सांगता येत नाही. केबिन चेपून चालकाचे पाय आत अडकलेले असतात. डॉक्टर आले तरी पत्रा दूर केल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही आणि पत्रा दूर करणारा असतो क्रेनवाला. किती ओढायचं, कुठून ओढायचं, ओढताना डॅशबोर्ड छातीवर येईल का, हे त्याला त्या क्षणी ठरवावं लागतं. मला भेटलेल्यांपैकी एकही जण हे कुठल्या वर्गात शिकला नव्हता. मामा एका जुन्या उस्तादाकडे आठ वर्षं हेल्पर होते. त्यांच्याकडचा आताचा हेल्पर वर्षभरातच ‘स्वतःची घेतो’ म्हणतो आहे.

खोपोलीत अपघातग्रस्तांसाठी धावणाऱ्या स्थानिक तरुणांचा गट आहे. घाटात काही झालं की त्यांच्या फोनवर निरोप फिरतो. क्रेनवाले, रुग्णवाहिकेचे चालक, दुकानदार त्यात आहेत. सरकारी यंत्रणा पोचण्याआधी बरंच काम अशी माणसं करतात. मदत केली तर कोर्टाच्या खेपा पडतील ही भीती मात्र अजून गेलेली नाही. वास्तविक २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते कलम १३४-अ म्हणून मोटार वाहन कायद्यात आलं. मे २०२५ पासून अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता होण्याची योजनाही आहे. ही माहिती लिहिलेला एक फलक प्रत्येक क्रेनच्या शेडवर लागला पाहिजे.

टँकरविषयी तर मला काळजीच वाटते. गॅसचा किंवा रसायनाचा टँकर उलटला की त्याच्या पाठीवरची केशरी पाटी आधी वाचायची. त्यावरचा चार आकडी क्रमांक आत काय आहे ते सांगतो. १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १२०३ म्हणजे पेट्रोल. गॅसच्या टँकरला तेल कंपनीचं पथक आल्याशिवाय, पाण्याचा मारा सुरू असल्याशिवाय हूक लावायचा नाही. मामांना दोन्ही क्रमांक तोंडपाठ होते. शेडमधल्या तिघा तरुणांना ती पाटी कशासाठी असते हेच माहीत नव्हतं, आणि घाटातून असे टँकर दिवसरात्र जातात. महामार्ग पोलीस, अग्निशमन दल आणि परिवहन खातं मिळून क्रेनवाल्यांसाठी दोन दिवसांचा वर्ग घेऊ शकतात. त्याला फार खर्च येणार नाही. फिटनेसला गाडी येते तेव्हा त्या गाडीवरच्या माणसांना हे आलं पाहिजे, अशी अट घालणं अशक्य नाही. आपण गाडीचे ब्रेक तपासतो, पण ती चालवून उलटलेल्या टँकरपाशी जाणाऱ्या माणसाला काय येतं ते तपासत नाही.

सुरुवात कुठून

वर्षभरात स्वतःची घ्यायची म्हणणारा तो हेल्पर पंचविशीचा, खालापूर तालुक्यातलाच. त्याला मामांनी अडवलेलं नाही, थांबवलं आहे. त्यांनी घातलेल्या अटी मी त्याच्याकडूनच ऐकल्या.

पहिली गाडी हायड्रा नाही. चौदा टनी म्हणून विकली जाणारी हायड्रा चौदा टन उचलते ते ओझं तिच्या अगदी पायाशी असताना. बूम जसजसा लांबवाल तसतशी ताकद झपाट्याने उतरत जाते. तो तक्ता केबिनमध्ये चिकटवलेला असतो. तो वाचता येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. डोलवीकडून येणारी वीस-वीस टनांची पोलादी कॉइल रस्त्यावर घरंगळली तर अशी एक हायड्रा तिथे काहीच करू शकत नाही. पण फोनवर नाही म्हणायला अनुभव लागतो आणि नवा माणूस हो म्हणतो.

म्हणून आधी जुनी फ्लॅटबेड, दोन असिस्टन्स कंपन्यांची कामं, आणि त्याच्याही आधी सहा महिने जॅक, एअर कंप्रेसर, जंप-स्टार्टची केबल आणि पंक्चरचं सामान एका छोट्या टेम्पोत घालून फिरायचं. बंद पडलेल्या कित्येक गाड्यांना उचलून न्यायची गरजच नसते. बॅटरी उतरलेली असते, टायर गेलेला असतो, नाहीतर डिझेल संपलेलं असतं. या कामात पैसे थोडे मिळतात, पण नंबर लोकांच्या फोनमध्ये जातो आणि गॅरेजवाले ओळखायला लागतात. टेम्पो त्याच्या चुलत्याचा आहे. गाडी उभी करायला रस्त्यालगतची जागा वर्षाच्या भाड्याने ठरली आहे. उचललेली गाडी मालक येईपर्यंत ठेवायला तीच वापरायची, कारण लोकांची गाडी रस्त्यावर ठेवली आणि तिचं स्टिरिओ गेलं तर भरपाई त्यालाच द्यावी लागणार.

आई-वडिलांना हे पटलेलं नाही. कारखान्यात लाग, महिन्याला पगार येईल, असं त्यांचं म्हणणं. रात्री-अपरात्री पोरगा महामार्गावर वाकून उभा असतो, हे त्यांना झोपू देत नाही. त्यांचं भय खोटं नाही. मागून येणाऱ्या वाहनाने क्रेनच्या माणसांना उडवल्याच्या घटना या रस्त्याने पाहिल्या आहेत. त्याने पहिल्या पैशांतून चमकणारी जाकिटं आणि सहा शंकू घेतले, ते आईला दाखवले.

पावतीपुस्तक त्याने आधीच छापून घेतलं आहे. त्यात गाडीचा नंबर, उचलण्याची जागा, पोचवण्याची जागा, किलोमीटर आणि ठरलेली रक्कम असे रकाने आहेत. सर्वांत वर ग्राहकाची सही, दोर लावण्याआधी घ्यायची. मामांनी ते चाळून पाहिलं आणि त्यात आणखी एक रकाना घालायला सांगितला: बॅटरीची वायर काढली का.